ताप उतरला, पुन्हा चढला

परळच्या लॅबमध्ये माझी रात्रपाळी. वॉर्डातल्या फ्लूच्या आजोबांचा ताप उतरला होता, घरी सोडणारच होते. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून पुन्हा चढला, बेडकाही गंजाच्या रंगाचा. तो ब्लड अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित थरावर, लावला: जिवाणूंच्या वसाहतींभोवती हिरवट कडी, ऑप्टोचिन या ओळख पटवायच्या औषधाच्या चकतीभोवती मोकळी जागा. न्यूमोकोकस, न्यूमोनियाचा जिवाणू! विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलतो, मग नाका-घशात निमूट बसलेले जिवाणू खाली उतरतात. 1918 च्या साथीत बहुतेक मृत्यू असेच झाले.

"मग सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक का देत नाही, ताई?" आजोबांच्या सुनेनं विचारलं. कोविडमध्ये तेच तर केलं! भरती होताना जिवाणूसंसर्ग मोजक्यांनाच, औषध मात्र बहुतेकांना, म्हणजे अनेकांना विनाकारणच.

आजोबांनी काल कटिंग चहा मागितला म्हणे.