सत्तर सेंट आणि दादांची दैनंदिनी

परवा टॅक्सवाल्याकडं गेले ते चपलेच्या खोक्यात वर्षभराच्या पेट्रोलच्या पावत्या घेऊन, लई अभिमानानं. त्यानं खोकं उघडलं पण नाही. म्हणला, मैलांची नोंद कुठंय?

मी इथं डॅलसमधे हॉस्पिटलांत दुभाषी म्हणून जाते, कंत्राटी, एका दिवसात कधी तीन-तीन हॉस्पिटलं. अशा स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी गाडी पळवली की २०२५ च्या हिशोबात मैलामागं ७० सेंट खर्च धरता येतो, पेट्रोल, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, घसारा सगळं त्यातच, टोल-पार्किंग तेवढं वरून वेगळं. लातूरहून भाऊ लगेच, "सरकार मैलाला ७० सेंट देतंय?" देत नाही रे बाबा, कमाईतून वजा होतात. सहा हजार मैल झाले तर ४,२०० डॉलरवरचा टॅक्स वाचतो, एवढंच.

पण त्याला वही लागते. तारीख, कुठून कुठं, किती मैल, कशासाठी, आणि तेव्हाचं तेव्हा लिहिलेलं. त्यात घरून पहिल्या हॉस्पिटलला गेलेले मैल धरायचेच नाहीत, ते म्हणे 'कामावर जाणं'! शेवटच्या हॉस्पिटलपासून घरी येणं पण नाही. फक्त मधले. अहो माझं पहिलं हॉस्पिटल २८ मैलांवर आणि पुढची दोन एकमेकांपासून चार मैलांवर, म्हणजे खरी गाडी झिजते ती फुकटच. घरात कामाची वेगळी खोली असती, तेच कामाचं मुख्य ठिकाण असतं, तर जमलं असतं म्हणला. आमचं सगळं डायनिंग टेबलावर, एका बाजूला लेकीचा अभ्यास. नवऱ्याला तर तेवढंही नाही, नोकरदारांची ही सूट २०१८ पासूनच बंद. तो खुश, वही नको म्हणून.

आपल्याकडं बरं होतं. पंपावरचा पोरगा विचारायचा, "किती टाकू?" आणि तो लिटरचं नाही, पावतीवरच्या आकड्याचं विचारायचा. चूक आहे, माहितीय मला. पण त्या पोरानं कधी माझ्याकडं चोर असल्यासारखं बघितलं नाही, ह्या टॅक्सवाल्यानं बघितलं.

दादा, म्हणजे आमचे वडील, औसा तालुक्यात कृषी सहायक होते. रोज रात्री जेवण झालं की दैनंदिनी काढायचे. गाव, किलोमीटर, कारण. आम्ही बहीण-भाऊ हसायचो, लाईट गेली तरी कंदील लावून लिहायचे.

आता मी बसलीय, फोनमधलं कॅलेंडर उघडून एकेक दिवस जुळवत. मार्चमधे एक दिवस सापडला, दोन हॉस्पिटलांच्या मधे तीन मैल आत वळून इंडियन दुकानात गेले होते, ज्वारीचं पीठ आलं होतं म्हणून. तसं वाटेतच होतं की ते, जवळजवळ.

दादांना फोनवर विचारलं. म्हणले, "कारण काय लिहिणार?"

मी म्हणलं, ज्वारी.

"मग खोड ते."