स्टेशन दहा मिनिटांवर

"स्टेशन दहा मिनिटांवर," बदलापूरचा भाड्याच्या घरांचा एजंट म्हणाला. कुणाच्या पायांनी, ते नाही सांगितलं.

खरं अंतर तिथून पुढे. कुर्ल्याला उतरायचं, मग बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिससाठी शेअर रिक्षाची रांग. घर ते ऑफिस दोन तास धरा. जाऊन-येऊन रोजचे 4, महिन्याच्या 22 दिवसांचे 88. ऑफिसजवळ राहण्यापेक्षा घरभाड्यात महिन्याला 12 हजार वाचत असतील, तर प्रवासाच्या तासाला साधारण 136 रुपये. त्यातून दोन्हीकडची रिक्षा वजा. (पास तसा स्वस्तच.)

शिवाय कल्याणनंतर कर्जतकडे रेल्वेचे मार्ग दोनच (एक जायचा, एक यायचा), लांब पल्ल्याच्या गाड्याही त्यांवरूनच. एक गाडी बंद पडली की मागची रांग थांबलीच. पावसाळ्यात तर विचारूच नका.

घर पक्कं करायचं टोकन देण्याआधी एका सोमवारी सकाळी आठच्या गर्दीत चढून बघितलंय कुणी?