गॉब्लिन शार्कचा जबडा

आज दुपारी मोबाइलवर गॉब्लिन शार्कचा स्लो मोशन व्हिडिओ बघितला. अजून डोक्यातून जात नाहीये. एरवी हा खोल समुद्रातला मासा महाआळशी. लिबलिबीत अंग, कातडीतून रक्तवाहिन्या दिसतात म्हणून गुलाबी, आणि पुढे पात्यासारखं लांब नाक. नाकावरच्या बारीक छिद्रांतून त्याला अंधारातही भक्ष्याच्या अंगातली किंचितशी वीज जाणवते. मग अख्खा जबडाच सुटतो, सेकंदाला ३.१ मीटर वेगाने! सुईसारखे दात भक्ष्यात रुतले की परत आत. जपानमध्ये योकोहामाजवळ सापडलेल्या नरावरून १८९८ मध्ये शास्त्रात याची नोंद झाली. सुमारे साडेबारा कोटी वर्षांच्या घराण्यातला हा एकटाच उरलाय. पळता येत नाही ना, मग तोंडच पुढे पाठवा. हा जुगाड मला भलताच आवडला. फोटो मात्र टाकत नाही, लहान पोरं घाबरतील.