स्कुबाचा पहिला धडा, अंधेरीत

"पवई तलावात उतरणारेस का?" आईचा प्रश्न. नाही गं बाई, तिथे मगरी आहेत! विहार-तुळशी तलावांचं पाणी तर आपण पितो. सध्या स्विमिंग पूल, मग शिकवणाऱ्यांसोबत बाहेरचा तलाव.

खाली जाता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्यात शिशाचं वजन असतं, त्यातलं थोडं सरांनी काढूनच घेतलं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण 2.5 टक्के जड, त्यामुळे ते माणसाला जास्त उचलून धरतं. तलावात तेवढं वजन लागत नाही. मालवणला डायव्हिंग करून आलेला मित्र हे ऐकून गप्प.

कानांना मात्र जेमतेम 2 मीटरवरच दडे बसले. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही दुखायच्या आधी. आणि श्वास अजिबात रोखायचा नाही, वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. पोहणाऱ्याची सगळी सवयच उलटी करायची, महाकठीण!

तलावात आणखी एक भानगड, तळाचा गाळ. फिन्स, म्हणजे पायातली वल्ही, जोरात मारले की पाण्याचं पिठलं, स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून गुडघे वाकवून फ्रॉग किक. तिचा सराव चालू असताना शेजारच्या लेनमधले आजोबा पोहणं थांबवून म्हणाले, "काय हो, खाली काही हरवलंय का?"