तुम्ही विचारलंत म्हणून : ह्या औषधात प्राण्याचं काही नाही ना?

रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डाला औषधं देण्याचं काम करते मी. गेवराई, पैठण, अंबडकडचे नातेवाईक खिडकीशी येतात आणि त्यांच्यातला एखादा माळकरी हमखास विचारतो, "मॅडम, ह्या सलाईनमधल्या औषधात मांसा-अंड्याचं काही नसतंय ना?" औषध बहुतेकदा सायटाराबिन असतं. मागे रांग असते, म्हणून "नाही मामा, काळजी करू नका" एवढंच सांगते. पूर्ण उत्तर मात्र खिडकीत मावण्यासारखं नाही.

कारण ह्या औषधाचं मूळ एका प्राण्यातच आहे. टेक्टिटेथिया क्रिप्टा नावाचा स्पंज. फ्लोरिडा, बहामा, कॅरिबियन बेटं इकडच्या उथळ समुद्रात तो वाळूत अर्धा पुरून घेतलेला असतो. उघड्या राहिलेल्या भागावरही वाळू आणि शेवाळ साचलेलं, त्यामुळे शेजारून गेलात तरी दिसायचा नाही. त्याला डोकं नाही, पोट नाही, मज्जातंतूही नाहीत. अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत येतं, आतल्या पेशी शेपट्या हलवून ते पुढे ढकलतात, त्यातले जिवाणू वगैरे टिपून खातात आणि उरलेलं पाणी एका मोठ्या तोंडातून बाहेर पडतं. आयुष्यभर हेच. आधाराला सिलिकाच्या सुया.

असल्या जिवाला प्राणी म्हणायचं की झाड, हे विद्वानांनाही बराच काळ ठरवता येत नव्हतं. १८२५ मध्ये रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याच्या तोंडातून पाण्याची धार बाहेर पडताना पाहिली, तेव्हा कुठे पारडं प्राण्याकडे झुकलं.

ह्या स्पंजातून औषध काढायला कोणी गेलंच नव्हतं. वर्नर बर्गमन हे रसायनशास्त्रज्ञ स्पंजातली स्निग्ध द्रव्यं तपासत होते. उकळत्या अ‍ॅसिटोनमध्ये अर्क काढताना भलतेच स्फटिक हाती लागले. डीएनएच्या घटकांसारखेच, पण त्यातली साखर वेगळी : अरॅबिनोज. १९५० आणि १९५१ मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट फीनी यांनी ह्या स्फटिकांचा शोध जाहीर केला; साखर कोणती, ते पुढे ठरलं. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी तीच साखर वापरून स्वतःच एक रेणू घडवला. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला सायटाराबिन तयार झालं. झपाट्यानं वाढणारी कॅन्सरची पेशी डीएनएची नवी प्रत काढताना हा नकली घटक उचलते आणि काम अडकतं; बॅगेच्या चेनचा एक दात वाकडा निघाल्यावर होतं तसं. प्रत काढत असतानाच पेशी त्याच्या तावडीत सापडते, म्हणूनच ते बऱ्याचदा सात दिवस, रात्रंदिवस, थेंबथेंब देतात. दुर्दैवानं ते निरोगी पेशींनाही सोडत नाही, म्हणून तोंड येतं, रक्तपेशी घटतात.

अमेरिकेत १९६९ मध्ये त्याला परवानगी मिळाली. सायटाराबिन जसंच्या तसं त्या स्पंजात नव्हतंच. नमुना त्याचा, घडण माणसाची. आजही ते कारखान्यातच तयार होतं, त्यासाठी स्पंज लागत नाही. तेव्हा मामांना दिलेलं उत्तर खरंच आहे.

खरं तर हा प्रश्न हेपॅरिनबद्दल विचारायला हवा. सुईत रक्त गोठू नये म्हणून काही ठिकाणी तेही वापरतात, आणि ते आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात. त्याबद्दल कोणी विचारत नाही. विचारलं तर मी खरं ते सांगेन, आणि डॉक्टरांशी बोलायला लावेन.