दादाने मावशीचं नाव लिहिलं

आज शुभंकरांच्या (म्हणजे मानसिक रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या) स्वमदत गटात गोळ्यांवरून निघालेला विषय कायद्यापर्यंत गेला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचारांचे निर्णय घेताना मदत करणारा आपला प्रतिनिधी रुग्ण स्वतः नेमू शकतो. साधा कागद, सही किंवा अंगठा, बस्स! स्टॅम्पपेपरची भानगड नाही.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. सध्या बरा आहे, म्हणजे विचारायची हीच वेळ. मला वाटलं, माझंच नाव लिहील. (गोळ्या कोण देतं? ओपीडीत ताटकळत कोण बसतं?) पठ्ठ्याने मावशीचं लिहिलं! "डॉक्टर मला विचारतात आणि उत्तर तू देतेस," म्हणाला.

राग आला, खोटं कशाला बोलू. पण निवड त्याची. प्रतिनिधीचीही लेखी संमती लागते, म्हणून मावशीला फोन केला. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं? पण येते रविवारी."