गावाच्या अंगाला

भाचीनं फोनवर एक तक्ता पाठवला. अक्षरं इतकी बारीक की ह्यांचा चष्मा मागून घ्यावा लागला. दुपारची लाईट गेलेली, हे ढेळजेत आडवे झालेले. चष्मा दिला, पण 'कशाला हवाय?' हे विचारल्याशिवाय नाही.

तक्त्यात एकाखाली एक पाच नावं होती: मियापूर, बाचुपल्ली, तेल्लापूर, निजामपेट, कोंपल्ली. पुढं रकाने. भाडं, शाळा, जावयाचं ऑफिस किती मिनिटांवर, मेट्रो किती लांब, दवाखाना, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना 'वाइब'. त्यात चांदण्या दिलेल्या. तेल्लापूरला चार, कोंपल्लीला साडेतीन. अर्धी चांदणी कशाची कापली ते काही कळलं नाही. पुण्याचं बिऱ्हाड हैदराबादला हलवायचंय, पोराची तिसरी तिथं सुरू करायचीय, तेव्हा राहायचं कुठं, असा प्रश्न. खाली लिहिलेलं, 'आत्या, तुला काय वाटतं?'

विचारायची पद्धत असते म्हणून विचारलंय, हे मला कळतं. पण विचारलंय ना, मग मी सांगणारच.

माझं एक जुनं खूळ आहे. परगावी घर घ्यायचं तर ते आपल्या गावाच्या अंगाला घ्यावं. म्हणजे गावाकडून येणारा रस्ता किंवा रूळ शहरात ज्या बाजूनं शिरतो, त्या बाजूला. पुण्यात बघा ना. लातूर-धाराशिवकडची माणसं हडपसर, मांजरी, फुरसुंगी इथं सापडणार. बीड-संभाजीनगरकडची वाघोली, खराडी धरून बसलेली. कुणी ठरवून करत नाही हे. रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून पहाटे अर्धवट झोपेत माणूस हडपसरच्या गाडीतळाला उतरतो, चहा पितो, चहावाल्यालाच खोलीचं विचारतो. पुढं लग्न होतं तेव्हा दोन गल्ल्या सोडून वन बीएचके. मग धाकटा भाऊ येतो, मग मेहुणा. ज्वारीचं पोतं घेऊन आलेल्या बापाला रिक्षा करावी लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

आमच्या नात्यातल्या एकांनी हौसेनं पार पलीकडं, कोथरूडला फ्लॅट घेतला. घर छान, हवा छान, मंडई जवळ. पण त्यांच्याकडं जायचं म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. 'येऊ पुढच्या वेळी' असं करता करता जाणं सुटलंच. भांडण नाही, तंटा नाही, सिग्नल तेवढे मध्ये आले.

तर हैदराबाद. आमच्या उदगीरहून रेल्वेनं निघालं की भालकी, बिदर, जहीराबाद करत गाडी विकाराबादला जाते, तिथून हैदराबादकडं वळते, आणि शहरात शिरताना आधी लिंगमपल्ली लागतं. रस्त्यानं गेलं तर बिदर, जहीराबाद, संगारेड्डी, पटानचेरू. म्हणजे आमचं अंग पश्चिमेचं. या हिशेबानं तेल्लापूर पहिलं, मियापूर दुसरं. कोंपल्ली निजामाबादकडून मेडचलवरून येणाऱ्या रस्त्यावर. ते आपलं नाही. मी कळवलं, 'कोंपल्ली काट.'

'का गं? तिथं व्हिला स्वस्त आहेत.'

'उलट्या अंगाला आहे.'

यावर तिनं डोळे फिरवणारं ते पिवळं तोंड पाठवलं.

मग फोन केला तिनं. बोलता बोलता म्हणाली, 'आत्या, सगळंच नवीन गं. नवीन राज्य, नवीन भाषा. गाडीची पासिंगसुद्धा बदलावी लागणार, एमएच जाऊन टीजी.' नवीन राज्य म्हटल्यावर ढेळजेतून ह्यांचं हसणं ऐकू आलं. मलाही आजोबा आठवले.

आजोबा ज्या माळवदाच्या घरात जन्मले त्याच घरात गेले. तेव्हा ते घर निजामाच्या हैदराबाद राज्यात, जिल्हा बिदर. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाचं राज्य गेलं, जिल्हा बिदरच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर म्हैसूर राज्यात गेलं आणि आमचा तालुका मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९६० ला महाराष्ट्र. १९८२ ला जिल्हा लातूर. एवढी राज्यं आणि एवढे जिल्हे बदलले, आजोबांची खाट काही ढेळजेतून हलली नाही. हिशेब ते शेवटपर्यंत उर्दूत लिहायचे, कारण शाळा उर्दूतली. मोठं आजारपण निघालं, कोर्टाचं काम निघालं, लग्नाचा बस्ता निघाला, की हैदराबाद. काचीगुड्याला, सुलतान बाजारला मराठी घरं, विवेक वर्धिनीसारखी शाळा. उतरायला ओळखीचं कुणी ना कुणी असायचंच. पुणं त्यांनी आयुष्यात पाहिलं की नाही, मला शंका आहे.

आणि आजीचं माहेर भालकीचं. १९५६ साली ते परराज्यात गेलं. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिलाही ते बरीच वर्षं कुणी सांगितलं नसावं. पंचमीला ती आपली नेहमीच्या वाटेनं माहेरी जायची, येताना तिकडची तूरडाळ आणायची. आमच्याकडं अजून निम्म्या घरांत एक तरी सून किंवा जावई बिदर, भालकी, औरादचा आहे. उदगीरहून हैदराबादला जाताना दोन राज्यांच्या हद्दी लागतात आणि निम्म्याहून अधिक वाट पाहुण्यांच्या गावांतून जाते. पुणं याच्या जवळपास दुप्पट लांब. तिथं राहायला गेली तेव्हा पोरगी नवीन राज्यात गेली असं कुणालाच वाटलं नाही.

पण हे सगळं तिला ऐकवण्यात अर्थ नव्हता. तिला तक्ता भरायचा होता. मी म्हटलं, 'पाण्याचा रकाना कुठंय?'

'अगं, चोवीस तास असतं. सोसायटी आहे.'

हे मला फार गमतीचं वाटतं. सोसायटी आहे म्हणजे पाणी आहे. ही पोरगी २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला कॉलेजात होती. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, ते साल. तेव्हा ही परातीत बसून अंघोळ करायची आणि ते पाणी बादलीत काढून संडासाला ठेवायची. खोलीवरच्या तिघी-चौघींमध्ये घागरीवरून अबोले व्हायचे. पुण्यात गेली, शॉवरखाली उभी राहिली, विसरली. विसरावंच म्हणा. पण मी कुठं विसरले? अजूनही कुणाच्या घरी गेले की माझं लक्ष आधी नळाकडं जातं आणि मग माणसांकडं.

तर मी हट्टच धरला, पाणी कुठून येतं ते विचार. संध्याकाळी तिचं उत्तर आलं, 'मियापूर साइडला मंजीरा वॉटर आहे म्हणे.'

म्हणजे आमची मांजराच की! बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं बालाघाटच्या डोंगरात ती निघते. धनेगावला अडवलेलं तिचं पाणी लातूर पितं. मग ती बिदरकडून तेलंगणात उतरते, तिथं सिंगूरला पुन्हा अडते आणि नळांतून हैदराबादच्या पश्चिम अंगाला जाते. उरलेली नदी उत्तरेकडं वळून गोदावरीला मिळते. आता हैदराबादला कृष्णा आणि गोदावरीचंही पाणी लांबून आणलंय, त्यामुळं नुसत्या मांजरेवर शहराचं पोट नाही. पण ज्या दुष्काळात धनेगाव आटलं त्याच दुष्काळात सिंगूरही आटलं होतं. हे मी तिला सगळं लिहून पाठवलं. मोठा निरोप झाला. तिनं नुसता अंगठा पाठवला. थोड्या वेळानं, कुणाला तरी विचारून असेल, तिनं पुन्हा लिहिलं, 'उन्हाळ्यात टँकर येतात म्हणे, मेंटेनन्समध्ये धरतात.' मग पाण्याचा रकाना वाढला. त्यात चांदण्या नव्हत्या, रुपये होते.

माझी आई घर कसं पाहायची ते सांगते. वडील शाळेत मास्तर, बदलीची नोकरी. नव्या गावात वडील आधी जाऊन हजर व्हायचे आणि घर पाहायला मग आई, शेपटासारखी मी. आई खोल्या पाहायचीच नाही. मालकीण दाखवत असायची, ही सैपाकाची, ही न्हाणी, आणि आई 'हो का, बरं' म्हणत पुढं. बाहेर पडली की शेजारच्या दारात जायची आणि म्हणायची, 'लेकराला तहान लागलीय हो.' मला लागलेली नसायची. पण तोंड तसं करायचं हे मला शिकवलेलं होतं. आता पाणी येईपर्यंत आईचं निरीक्षण चालायचं. बाई उठायला किती वेळ लावते, तांब्याभर आणते की पेल्यानं, पेला भरलेला की अर्धा, सोबत गुळाचा खडा येतो का. अर्धा पेला आला की आई घरी येऊन वडलांना सांगायची, 'त्या गल्लीत पाण्याचं काही खरं नाही.' आणि तांब्या आला, वर 'बसा की वं' आलं, की घर पक्कं. मग खोली गळकी का असेना.

या पाण्याच्या आधी एक प्रश्न असायचा. 'आडनाव काय म्हणलाव?' आई सांगायची. सांगितलं की दार पुरतं उघडायचं. ते तसंच असतं असं मला वाटायचं, दारं उघडण्यासाठीच असतात म्हणून. माझ्या बाकावर एक पोरगी बसायची, तिचे वडीलही आमच्याच वर्षी बदलून आलेले, त्याच शाळेत. आम्हाला आषाढात घर मिळालं. त्यांना दिवाळी उलटून गेल्यावर, तेही गावाबाहेर, सरकी मिलच्या मागं. तिचे वडील सायकलवर यायचे आणि चिखलात चाक रुतलं म्हणून उशीर झाला की हेडमास्तर बोलायचे. तिची आईही घरं पाहायला जात असेलच. पोरीला तहान लागलीय म्हणून कुणाच्या दारात थांबत होती का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तेव्हा सुचलं नाही, आणि पुढं ती कुठं गेली माहीत नाही.

भाचीच्या तक्त्यात एक ओळ मी नंतर पाहिली. एका फ्लॅटपुढं लिहिलेलं, 'ओन्ली व्हेज'. एका ठिकाणी एजंटानं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला म्हणे, व्हेज की नॉनव्हेज. ती म्हणाली, 'हल्ली सगळीकडंच विचारतात गं, त्यात काय.' तिनं त्या ओळीवर काट मारली होती. जावई मटणाशिवाय रविवार करत नाही, म्हणून मारली असेल. मी काही बोलले नाही.

भाकरीचं मात्र बोलले. पुण्यात तिला उदगीरची ज्वारी पोचती होती, हैदराबादला कोण देणार? त्यावर ह्यांनी आतून आवाज दिला, 'पटानचेरूला इक्रिसॅट आहे!' हे शेतीखात्यातून निवृत्त झालेले. १९७२ पासून तिथं कोरडवाहू पिकांवर जगाचं संशोधन चालतं. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, म्हणजे आमच्या शिवारातलं सगळं. मी म्हटलं, ते काय पायली मोजून देणार आहेत का? पण काळजीचं कारण नाही. तेलंगणात ज्वारीची भाकरी घरोघर खातात. संध्याकाळी रस्त्याकडेला बाया तवा मांडून थापत बसलेल्या दिसतात, थेट आपल्यासारखी, हातावर. गिरणीचा प्रश्न तेवढा राहतो. ज्वारीच्या आधी गहू दळला की पीठ बिघडतं, हे गिरणीवाल्याला तेलुगूतून कसं सांगायचं ते तिनं बघावं.

तेलुगूवरून तिचा जीव टांगणीला लागलाय. तेलंगणात २०१८ च्या कायद्यानं सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीची आहे, बोर्ड कुठलंही असो. पोराचं कसं होणार, क्लास लावावा का, आतापासून ॲप घ्यावं का. मी म्हटलं, खाली खेळायला सोड. सहा महिन्यांत शिव्या येतील, वर्षात धडे.

शेवटी ठरलं बाचुपल्ली.

मी विचारलं, का? तर शाळेची बस फाटकाशी येते, जावयाचा एक मित्र त्याच इमारतीत आहे, आणि लिफ्ट मोठी आहे, सोफा उभा न करता जातो. पाण्याचं काय ठरलं ते तिनं सांगितलं नाही, मीही ताणलं नाही. नकाशात पाहिलं तर बाचुपल्ली ना आमच्या अंगाला, ना पुरती उलट्या. मध्येच कुठंतरी. आता आम्ही जाऊ तेव्हा लिंगमपल्लीला उतरून रिक्षा करायची की पुढं बेगमपेटला उतरून मेट्रोनं मियापूरला मागं यायचं, यावर आमच्या दोघांचा वाद चाललाय. मी लिंगमपल्लीच्या बाजूची. पोतं घेऊन मेट्रोत कोण चढू देतं? हे म्हणतात, तिनं अजून 'या' म्हटलेलं नाही.